पांगाऱ्याची घार

"तीस वर्षं लाकूडकाम केलंत, तर काहीतरी लिहा की," असं संपादकबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात माझ्याच हातचं लाटणं घासत उभी होते. म्हटलं, बाई गं, लिहू काय? लाटणी केली, पोळपाट केले, बाहुल्या केल्या, आणि पेरू, सीताफळं, वांगी, मिरच्या तर इतक्या केल्या की खऱ्या असत्या तर डिचोलीचा बुधवारचा बाजार एकटीने भरवला असता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "विसरता येत नाही अशी एखादी वस्तू असेलच ना?" आहे. पण ती मी केली असं तोंड वर करून सांगायला अजून जड जातं, कारण करण्याआधी मी ती बिघडवली होती.

आधी धंद्याचं सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. माझं माहेर सावंतवाडीकडचं, चिताऱ्यांचं. लग्न होऊन डिचोलीला आले आणि बसस्टँडामागे हस्तकलेची एक शेड होती तिथे आधी कामाला आणि मग शिकवायला लागले. आमचं काम लाखेचं. लाकडाचा तुकडा लेथवर चढवायचा, तो गरगर फिरत असताना पटाशीने त्याला पोट, मान, बूड द्यायचं, आणि फिरत्यावरच लाखेची रंगीत कांडी दाबून धरायची. घासून घासून लाकूड तापतं, लाख वितळते आणि अंगाला बसते. वरून केवड्याचं पान फिरवलं की अशी चकाकी येते की कुंकू लावायला आरसा नको. जी वस्तू चपटी असते, लेथवर फिरत नाही, तिला लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हात द्यायचे. एक हात, दोन हात, पाच हात. जितके हात जास्त तितका कारागीर मोठा.

आणि आमच्या घरात एक रीत होती. कोरं लाकूड उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. खुंटी असो, दांडा असो, शेजारणीचं मोडलेलं रवीचं टोक असो, लाखेचं बोट तरी लावूनच द्यायचं. लहानपणी मी एकदा एक भोवरा तसाच मैत्रिणीला देऊन आले. बाबांनी मला परत पाठवून तो मागून आणायला लावला. म्हणाले, "उघडं पोर रस्त्यावर सोडशील काय गे तू?" मी रडत रडत भोवरा आणला, त्यांनी त्याला लाल पट्टा काढला आणि मग म्हणाले, आता जा. हे मी नुसतं आठवण म्हणून सांगत नाहीये. पुढे याच रीतीने माझं नाक कापलं.

गिऱ्हाइकं एकेक अशी यायची की काय सांगू! लाटंबार्श्याहून एक काजूवाले भाटकार, म्हणजे बागांचे मालक, आले, त्यांना लाकडाचा बोंडू, म्हणजे काजूचं फळ, हवा होता, बैठकीत ठेवायला. मी छान पिवळा-तांबडा करून दिला. आठ दिवसांनी परत आणला. का, तर म्हणे खालची बी चुकीच्या बाजूला वळलीये. मी म्हटलं, अहो काका, बी कुठेही वळते. झालं, गृहस्थांनी पुढच्या बुधवारी पिशवीभर खरे बोंडू आणून माझ्या मेजावर ओतले आणि एकेक करून दाखवलं. सगळी शेड दिवसभर बोंडवांच्या वासाने दरवळली. आणि खरं सांगते, माझंच चुकलं होतं.

दुसरा एक खनिजाच्या ट्रकाचा ड्रायव्हर. त्याला त्याच्या ट्रकाची प्रतिकृती हवी होती, आणि डाव्या मडगार्डावरचा पोचासुद्धा हवा होता. "पोचा नको, वाईट दिसतो," मी म्हटलं. तो म्हणाला, "बाई, पोच्याबगर माझा ट्रक कसा ओळखायचा?" दिला काढून. हे ट्रक आमचे शत्रूच. दिवसभर शेडीसमोरून जायचे आणि लाल धूळ ओल्या लाखेवर बसायची. आमच्या शेडीतली एकही पांढरी बाहुली कधी पांढरी नव्हती, सगळ्या किंचित गुलाबी. पर्यटकांना ते फार आवडायचं, म्हणायचे काय सुंदर छटा आहे. आम्ही माना डोलवायचो.

गोवा राज्य झालं, त्या सालची गोष्ट. शेडीत कोकणी का मराठी यावर रोज जेवणाच्या सुट्टीत भांडण, आणि सुट्टी संपली की त्याच माणसांनी एकमेकांची फळकुटं धरायची. आमच्यात गणपत म्हणून एक सुतार होता, कोल्हापूरकडचा. तो म्हणायचा, "तुमी ठरवा काय ते, मला दोन्ही येत न्हाईत." अशाच एका बुधवारी, ऐन पावसाळ्यात, इनासबाब आले.

साठीच्या पुढचा माणूस, उंच, अंगात इस्त्रीचा पण विरलेला शर्ट, बगलेत कागदाची गुंडाळी आणि हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत येताना मेजाच्या पायाला धडकले. मला वाटलं सकाळीच लावून आलाय. नंतर कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तेरेखोलचे हे. तरुणपणी आफ्रिकेत रेल्वेच्या कारखान्यात, परत आल्यावर खनिज वाहणाऱ्या बोटींवर, बार्जींवर, इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. त्यांनी डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेली एक फिकट फळी होती, वीतभर लांब. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

आईशप्पथ सांगते, हातावर काही ठेवलंय असं वाटलंच नाही! मी लाकडात वाढलेली बाई. डोळे मिटून आंबा, फणस, शिसव हाताने ओळखते. पण हे लाकूड आणि वजन नाही? मी हात वर-खाली केला. नख लावलं तर नख रुतलं. वास घेतला, वाससुद्धा हलका. "हे काय हो?" मी विचारलं. ते म्हणाले, बाल्सा. परमुलखातलं झाड. आफ्रिकेत असताना ते आणि त्यांचा एक सोबती रविवारी याची बिनइंजिनाची विमानं करायचे, त्यातली एवढीच फळी उरली होती. इथे ते मिळत नाही. "बाय, तुका पांगारो गावता न्हय?"

पांगारा मिळायला काय! कुंपणाकुंपणाला. आमच्याकडची जुनी खेळणी पांगाऱ्याचीच असत, आपल्याकडचं तेच सगळ्यात हलकं लाकूड. पण साठीच्या माणसाला खेळणं कशाला?

तेव्हा त्यांनी सांगितलं. तेरेखोलच्या किल्ल्याखालच्या कड्यावर दुपारी समुद्राचा वारा आपटतो आणि वर चढतो. त्या वाऱ्यावर घारी पंख न हलवता तासन् तास तरंगतात. "लहान आसतना सावन तांकां पळयतां," ते म्हणाले. लहानपणापासून बघत आलोय, एक दिवस आपल्या हातचं काहीतरी त्यांच्याबरोबर वर जावं एवढंच मनात आहे. सगळा जन्म पोटामागे गेला, करू करू म्हणता राहिलं. आता डोळे चाललेत. काचबिंदू. कडेकडेने अंधार आत येतोय, पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की नाताळापर्यंत किती उरेल याचा भरवसा नाही. हात थरथरत नाहीत, पण पातं कुठे लागतंय ते दिसत नाही, म्हणून माझ्याकडे आले. "म्हाका दिसता तोमेरेन जाय, बाय."

दिसतंय तोवर हवं. मी हो म्हटलं.

इंजिन नाही, दोरी नाही, मग ते उडणार कसं, हे मला काही केल्या कळेना. इनासबाबांनी पुढच्या बुधवारी खिशातून टेटूची वाळकी शेंग काढली. ती तलवारीसारखी लांब शेंग तुम्ही रानात पाहिली असेल. आत कागदासारख्या पातळ पापुद्र्याच्या बिया असतात. त्यातली एक त्यांनी शेडीच्या दारात उंच धरून सोडली. मला वाटलं पडेल. ती पडली नाही. ती निघाली! हळूहळू खाली उतरत, घसरत, पुढे पुढे, मधे थोडी डुलत शेडीच्या त्या टोकाला जाऊन गणपतच्या रंध्यावर बसली. गणपत हात जोडून म्हणाला, "आता ह्ये काय देवाचं?"

इनासबाब म्हणाले, हेसुद्धा पडतंच आहे. पण इतकं सावकाश पडतं की पडता पडता वाट कापतं. आणि खालून येणारा वारा जर त्याच्या पडण्यापेक्षा जोराचा असला, तर पडणारी वस्तू वर जाते. मी हे तीनदा वदवून घेतलं. पडणारी वस्तू वर जाते! लाकडात एवढी वर्षं काढली, पण लाकडाला असं काही करता येईल हे माझ्या स्वप्नात नव्हतं. बी मधोमध जड, कडांना पातळ. तसंच करायचं. धड, पंख, शेपूट. सगळं हलकं, फक्त नाकाशी थोडं वजन, ते नसलं तर तोंड वर करून गटांगळी खातं. त्यासाठी त्यांनी मासे पागायच्या जाळ्याचं शिसं आणून ठेवलं होतं.

"रंग ना, पॉलिश ना, कांय ना. समजलें?" हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. मी चारही वेळा मान हलवली.

मी पांगारा निवडला, वाळवला, चिरला. बाजारातल्या सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर तुकडे तोलून घेतले. एकसारखे दोन पंख पाहिजेत, एक जड आणि एक हलका चालत नाही. सोनार म्हणाला, "वहिनी, लाकूड तोलायला माझ्याकडे? सोनं मग कुठे तोलता, वखारीत?" मी म्हटलं, तू तोल मेल्या. दोन्ही पंख मी घासत घासत इतके पातळ केले की उजेडासमोर धरले तर बोटांची सावली दिसावी. हातभर लांबीचा एकेक पंख, आणि वजन सुक्या बांगड्याहून कमी. मला माझ्या हातांचा इतका अभिमान वाटला की विचारू नका.

इनासबाब दर बुधवारी तेरेखोलहून बसने यायचे. मी चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायची. सुरुवातीला ते नुसता डोळा वळवून तो उचलायचे. मग मान वळवायला लागले. चतुर्थीनंतर एकदा कप तसाच राहिला, निवून गेला, आणि ते उठताना म्हणाले, "आज चा ना?" त्या दिवसापासून मी कप त्यांच्या हातात द्यायला लागले.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात घार तयार झाली. आम्ही तिला घारच म्हणायचो. बुधवारी मैदानावर नेऊन सोडून बघायचं ठरलं. सोमवारी मी तिला मेजावर ठेवून बघत बसले. सुबक, नितळ, सुंदर. आणि कोरी. माझ्या हातची वस्तू, परवा चारचौघांत जाणार, आणि अंगावर एक धागा नाही! कपाळ माझं. म्हटलं एक हात. अगदी पातळ एक हात, स्पिरिटमधला, त्याने काय वजन वाढणार? सोमवारी वरच्या बाजूला दिला. मंगळवारी खालच्या बाजूला दिला. मग वरची बाजू जरा फिकी दिसायला लागली म्हणून तिला आणखी एक. चकाकी काय सुरेख आली होती!

बुधवारी मैदानावर इनासबाबांनी घार हातात घेतली. क्षणभर त्यांनी ती हातावर झुलवली, अंगठा पंखावरून फिरवला आणि थांबले. मला वाटलं कौतुक करतील. पण त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं आणि सोडली. घार पाच पावलं सरळ गेली, मग एका अंगावर कलंडली, गिरकी घेतली आणि नाकावर आपटली. डावा पंख मुळातून मोडला.

गणपत तुकडे गोळा करून घेऊन आला. तेव्हा मी पाहिलं, पंखाला पीळ पडला होता. एका बाजूची लाख आधी वाळली आणि पातळ लाकडाला ओढून बसली, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. चपट्या फळीला असं होतं हे मी पोरींना दरवर्षी शिकवते. तरी माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "पांगारा ओला निघाला वाटतं. यंदा पाऊस फार झाला ना."

इनासबाबांनी मोडका पंख हातात घेतला. "पांगाऱ्याचेर कित्याक घालता, बाय? पांगाऱ्यान कांय करूंक ना."

रागाने नाही हो, अगदी मऊ आवाजात. पांगाऱ्याने काही केलेलं नाही. ते रागावले असते तर मी दोन शब्द उलटे बोलून मोकळी झाले असते, मी काही कमी तोंडाची नाही. पण त्यांनी ते एवढंच म्हटलं आणि मैदानाच्या कडेला खाली बसले. मग मीच सांगितलं. सगळं सांगितलं, कोऱ्या लाकडाची रीत, बाबा, भोवरा. सांगता सांगता मला रडू फुटलं. चाळिशीची बाई, मैदानात उभी राहून भोवऱ्याचं सांगत रडते आहे आणि गणपत मोडकी घार धरून उभा. इनासबाबांनी ऐकून घेतलं. मग पुन्हा करशील ना म्हणून विचारलं, "परत करतली मगो?" आणि उठताना म्हणाले की फक्त आता दिवस थोडे आहेत. ते मात्र खरं होतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

दुसरी घार आम्ही वेगळ्या तऱ्हेने केली. भरीव पंख नको, असं ते म्हणाले, सांगाडा करू. पांगाऱ्याच्या काडीएवढ्या पट्ट्या, त्यांना आडव्या बरगड्या, वरून कागद. बरगड्या कापताना माझे डोळे पाणावायचे इतकं ते बारीक काम. शेपटीसाठी त्यांनी डब्यातला बाल्सा काढला आणि निम्मा मला कापायला लावला. शेपूट सगळ्यात हलकं पाहिजे. माझा हात चालेना. एवढ्या वर्षांचा जपलेला तुकडा, आणि मी आधीच एकदा घात केलेली. "काप," ते म्हणाले. कापला. आणि गणपतने तेवढ्यात माझी स्पिरिटची बाटली उचलून कुलपात ठेवली. म्हणाला, "बाई, घार उडल्याबिगर किल्ली मिळनार न्हाई." मी त्याच्यावर ओरडले, पण किल्ली मागितली नाही.

आता खरी अडचण वेगळीच आली. इनासबाब स्वतःच म्हणाले, कागद पांढरा लावलास तर पांढऱ्या आभाळात मला ती दिसायची नाही. लाल लाव. पण रंगाचं पाणी कागदाला दिलं की कागद जड होतो, सांगाडा वाकतो. बघा दैव! ज्या बाईने सांगितलेलं असूनही रंग दिला, तिला आता रंग द्या म्हणून सांगताहेत आणि तो देता येत नाही. आठवडा मी तळमळले.

दिवाळी तोंडावर आली होती. मी इनासबाबांना घेऊन सोनाराकडे बाजारातून चालले होते. सकाळची वेळ. एका दुकानाच्या दारात आकाशकंदील टांगलेले, आणि मागून ऊन आलेलं. इनासबाब चालता चालता थांबले. मान मागे टाकून वर बघायला लागले. एक लाल कंदील होता, उन्हाने आतून पेटल्यासारखा झालेला. "हें दिसता," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बाय, हें म्हाका दिसता!"

मी त्या दुकानदाराकडून पतंगाच्या कागदाचे दोन लाल ताव घेतले. रंग कागदात आधीच होता, वजन शून्य. पेजेवरची निवळ काढून, पाण्यासारखी पातळ करून, ती शिंपडली की कागद वाळताना ढोलकीच्या पुडीसारखा ताठ बसतो. या वेळी मी दोन्ही बाजू एका वेळी शिंपडल्या, पंख फळीवर दाबून ठेवले आणि सुकेपर्यंत हात पदरात बांधून बसले. खोटं नाही, खरंच बांधून बसले.

डिसेंबरात आम्ही तेरेखोलला निघालो. मी आणि गणपत. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, पेडण्याहून केरी. घार खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर. बसमध्ये एका बाईने विचारलं, "गणपती काय गे? आता?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. केरीला फेरीबोट. पलीकडे इनासबाब उतरणीवर उभे होते, आणि आमच्याकडे नव्हे तर आमच्या जरा बाजूला बघत हसत होते. मी जवळ जाऊन त्यांच्या हाताला हात लावला तेव्हा ते वळले. समोरचं नळीतून बघितल्यासारखं तेवढं दिसतं, ते म्हणाले, तेही धुक्यातून. गणपत मला हळूच म्हणाला, "दसऱ्यालाच उडाया पायजे हुती." मला माहीत नव्हतं काय?

कड्यावर गेलो. ऊन समुद्राकडे कललेलं, वारा तोंडावर येत होता. आणि घारी खरंच होत्या. तीन. तपकिरी पंखांच्या, पांढऱ्या डोक्याच्या, वाऱ्यावर नुसत्या टेकून राहिल्यासारख्या. पंखाचं टोकसुद्धा हलत नव्हतं. मी जन्मात कधी इतका वेळ मान वर करून उभी राहिले नव्हते.

इनासबाबांनी दोन बोटांवर पंख तोलून पाहिले, नाकातलं शिसं तपासलं, शेपटीला नखभर बाक दिला, म्हणजे ती सरळ निघून न जाता गोल फिरेल. मग अंगठा पंखाच्या कागदावरून फिरवला. ते हसले. आणि मला म्हणाले, तूच सोड. फेकायचं नाही, नुसतं वाऱ्याला द्यायचं.

मी दिली. हातातून सुटली तेव्हा आधी खाली गेली, कड्याखाली, दिसेनाशी. गणपतने "आई गं" म्हटलं. आणि मग, काय सांगू तुम्हाला, ती खालून वर आली. आमच्या डोळ्यांसमोरून, हाताच्या अंतरावरून, सावकाश, काही घाई नसल्यासारखी वर गेली. पांगाऱ्याच्या काड्या, पेजेचं पाणी, पतंगाचा कागद! आवाज नाही. आमच्या डोक्यावर गेली, वळली, समुद्राकडे निघाली, आणि सूर्यासमोर आली तशी पेटली. सगळे पंख लाल भडक. बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी.

"पेटलें!" इनासबाब ओरडले.

ती वळली, सूर्यासमोरून सरकली. "पालवलें," ते म्हणाले. म्हणजे विझलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं बोट वर होतं आणि बोट तिच्या मागे फिरत होतं. ती पुन्हा सूर्याकडे आली आणि पेटली, त्याच क्षणी ते म्हणाले, "पेटलें." आम्ही आता घारीकडे बघत नव्हतो, त्यांच्या बोटाकडे बघत होतो. बोट आभाळात गोल काढत होतं, तंतोतंत. पेटलें. पालवलें. पेटलें. एक खरी घार कुतूहलाने जवळ आली, आमच्या घारीच्या बाजूने अर्धा गोल तरंगली आणि बाजूला झाली. हे त्यांना दिसलं नसणार, म्हणून मी सांगितलं. "इनासबाब, एक घार जवळ आली होती तिच्या. बरोबर फिरली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पाणी पुसायला त्यांनी हात खाली घेतला नाही, बोट तिच्यावरून हलेल म्हणून.

ती फार उंच गेली. मग वाऱ्याबरोबर हळूहळू नदीच्या पलीकडे, केरीच्या झाडांकडे सरकत गेली आणि एका वळणावर मला दिसेनाशी झाली. गणपतलाही. बोट मात्र अजून थोडं फिरलं. मग ते थांबलं आणि खाली आलं. त्यांना खरंच आमच्यापेक्षा जास्त वेळ दिसली, की हाताला फेऱ्याची सवय झाली होती, ते मी विचारलं नाही.

"इनासबाब," मी म्हटलं, "दसऱ्याला उडाली असती तर तुम्हाला सगळी दिसली असती. पंखा-शेपटीसकट. ती खरी घारसुद्धा. ते मी घालवलं."

"व्हय," ते म्हणाले. घालवलंस. ते मला बरं वाटावं म्हणून काही गोड बोलले नाहीत, आणि त्याबद्दल माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. मग घरी नेऊन पाव आणि कालवण जेवू घातलं. निघताना तो पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत कापसात बाल्साचा उरलेला निम्मा तुकडा होता. "आतां हें तुजें."

नाताळ सरून कार्निव्हाल येईपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली. त्यानंतरही काही वर्षं ते कोणाला तरी धरून बुधवारी डिचोलीला यायचे, शेडीत बसायचे आणि मी हातात चहा द्यायची. मी नवीन लाकडाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवायची आणि ते वजन सांगायचे, सोनाराच्या काट्याइतकं चोख. आता ते नाहीत. गणपत गावी गेला, शेड बंद झाली.

दसऱ्याला मी अजून हत्यारं मांडते. पटाश्या, रंधा, लाखेच्या कांड्या, आणि मधोमध तो डबा उघडा करून. दर वर्षी झेंडू वाहताना हात शिवशिवतो. एक बोट लाल, नुसतं कडेला. मग मी तो तुकडा उचलून तळहातावर घेते, काहीच घेतलं नाही असं वाटतं, आणि परत कापसात ठेवते. चिताऱ्यांच्या या लेकीच्या घरात तेवढं एकच लाकूड कोरं आहे.